गोळी लागू असते तेव्हा ते बरे दिसतात

'माझे मालक ५१ वर्षांचे. चार वर्षं झाली कंपवाताला, डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. गेवराई तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू आहे, कापूस घेतो. आता त्यांना पाठीवर फवारणीचा पंप पेलत नाही. शर्टाच्या गुंड्या मीच लावते. गोळ्या उधारीवर आणतो. सरकारी मदतीचं काढलं की म्हणतात, "हातपाय धड आहेत माझे, कुणापुढं हात पसरणार नाही." त्यांना न सांगता अर्ज करू का?'

ताई, न सांगता करू नका. तसं जमणारही नाही, कारण दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला त्यांनाच जावं लागतं. आणि एकेक काम हातातून सुटत चाललेल्या माणसाला स्वतःबद्दलचा निर्णय तरी घेऊ द्या.

त्यांना एवढंच विचारा : अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर आलं, तेव्हा कुणी त्याला भीक म्हणालं का? पीक गेलं, मदत आली, घेतली. हेही तसंच नुकसान आहे, फक्त ते शेतात दिसत नाही. तुमचं ऐकत नसतील तर ज्यांचा शब्द ते मोडत नाहीत अशा भावाला किंवा मेव्हण्याला बोलायला लावा.

हातपाय धड असल्याचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात पार्किन्सनचं नाव आहे. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे किमान ४० टक्के आले, वय ६५ च्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल, तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये महिना दीड हजारावरून अडीच हजार झाली. सगळा खर्च त्यात निघणार नाही, पण मेडिकलवाल्याची उधारी तरी आटोक्यात येईल.

खरी अडचण तपासणीची आहे. गोळी घेतल्यावर तास-दोन तास ते बरे चालतात ना? नेमके तेव्हाच डॉक्टरांसमोर उभे राहिले, तर टक्के कमी लागायची भीती असते. म्हणून गोळी चुकवायची असं मात्र अजिबात करू नका, त्यानं जिवाला त्रास होतो. त्यापेक्षा असर उतरल्यावर ते कसे उठतात, ताटातला घास कसा सांडतो, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. गोळी किती वाजता घेतली आणि अंग कधी आखडलं, हे आठवडाभर वहीत लिहा. मेंदूच्या डॉक्टरांचे सगळे कागद, वही आणि व्हिडिओ घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. त्याआधी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज सेतू केंद्रातून भरून घ्या. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला तयार ठेवा.

ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ग्रामसेवकाला विचारा, संकोच करू नका.

आणि यंदा टक्के कमी पडले, तरी कागद फाडू नका. हा आजार वाढत जातो. त्रास वाढला की फेरतपासणी मागता येते, तेव्हा हीच वही कामी येईल.