स्क्रिप्ट संपली, वर्ड मात्र चालूच

प्रश्न : आमची व्हीबीस्क्रिप्ट (विंडोजमधल्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेतला छोटा प्रोग्राम) रोज रात्री वर्डच्या फाइली उघडून त्यांच्या पीडीएफ करते. शेवटी वर्डचा ऑब्जेक्ट नथिंग (रिकामा) करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये विनवर्डच्या, म्हणजे वर्डच्याच, प्रोसेस साठत जातात. टास्ककिल (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारी विंडोजची कमांड) वापरावे का?

उत्तर : नथिंग केल्याने स्क्रिप्टची वर्डवरची पकड सुटते, वर्ड बंद होत नाही. त्याला क्विटच सांगावे लागते, तेही आधी प्रत्येक डॉक्युमेंट क्लोज करून. क्लोज आणि क्विट दोन्ही ठिकाणी सेव्हचेंजेस (बदल जपायचे का हे सांगणारी किंमत) म्हणून 0 द्या. बदल टाकून वर्ड बंद होतो. बदल ठेवायचे तर -1. काहीच दिले नाही आणि फाइलमध्ये बदल झालेला असला, तर ‘सेव्ह करायचे का?’ ही खिडकी उघडते. व्हिजिबल फॉल्स, म्हणजे वर्ड पडद्यावर न दाखवता चालवलेला, असल्यामुळे ती कोणाला दिसत नाही आणि वर्ड उत्तराची वाट बघत अडून राहतो. म्हणून सुरुवातीलाच डिस्प्लेॲलर्ट्स (अशा सूचना दाखवण्याची सेटिंग) 0 करा.

आकडेच लिहा. -1 साठीचे वर्डचे ‘डब्ल्यूडीसेव्हचेंजेस’ हे नाव व्हीबीस्क्रिप्टला ठाऊक नसते. ऑप्शन एक्स्प्लिसिट (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ) नसेल तर ती त्याला रिकामे व्हेरिएबल समजते आणि चकार शब्द काढत नाही.

तुमच्याकडे बहुधा वेगळेच घडत असावे : मधल्या एखाद्या फाइलवर एरर येते, स्क्रिप्ट तिथेच मरते आणि क्विटची ओळ गाठलीच जात नाही. ओपनच्या आधी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) लावा, लगेच एरर नंबर तपासा, फाइल बिघडलेली असेल तर पुढच्या फाइलवर जा. क्विट फाइलींच्या लूपच्या बाहेर, काहीही झाले तरी ती ओळ चालवली जाईलच अशा जागी हवे. पासवर्ड असलेल्या फाइलींसाठी ओपनला द्यायच्या किमतींत पाचव्या जागी कुठलाही खोटा पासवर्ड द्या. साध्या फाइली त्याकडे दुर्लक्ष करतात. कुलूपबंद फाइल पासवर्ड विचारत न बसता एरर देते.

टास्ककिल नकोच. नावावरून मारले तर त्या मशीनवर कोणी हाताने उघडलेला वर्डही जातो, न जपलेल्या मजकुरासकट. शिवाय फोल्डरात ~$ ने सुरू होणाऱ्या लॉक-फाइली (फाइल उघडी असल्याची खूण म्हणून वर्ड बनवतो त्या) उरतात.

प्रश्न : पायथनमधून क्विट दिले की माझ्या हातातला वर्डही बंद होतो.

उत्तर : पायथनमधून वर्ड मिळवायला वापरतात तो डिस्पॅच आधीच चालू असलेल्या वर्डला जाऊन चिकटतो. डिस्पॅचईएक्स वापरा; तो स्वतंत्र वर्ड सुरू करतो. क्विट फायनली ब्लॉकमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) ठेवा. छपाई करत असाल तर प्रिंटआउटला बॅकग्राउंड फॉल्स (छपाई पूर्ण होईपर्यंत थांब) द्या, नाहीतर कागद निघण्याआधीच क्विट येऊन पोचते.