ढोलकीचा ठेका कीबोर्डमध्ये बसवताना

नवरात्र जवळ आलं की गोंधळ, जागर, गरबा यांचं प्रोग्रामिंग सुरू होतं आणि सिक्वेन्सरबद्दलचे (वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणाऱ्या सोयीबद्दलचे) प्रश्न वाढतात. त्यातले हे चार.

देवीचं गाणं माझ्या कीबोर्डच्या सिक्वेन्सरवर बसवलं आणि फाइल पेनड्राइव्हवरून मित्राच्या कीबोर्डवर लावली, तर ढोलकीच्या जागी पियानो वाजला. फाइल बिघडली का? (पंचवटी)

फाइल ठीक आहे. ही मिडी फाइल, म्हणजे वाद्यांना द्यायच्या संदेशांची यादी. तिच्यात आवाज नसतोच. कोणता स्वर, किती जोरात, कधी दाबला, कधी सोडला आणि कोणत्या नंबरचा टोन (वाद्याचा आवाज), एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या कीबोर्डवर ज्या नंबरला ढोलकी आहे, तिथे मित्राकडे दुसरंच काही आहे. 1991च्या जनरल मिडी या सामाईक नियमावलीने 128 वाद्यांचे नंबर आणि तालवाद्यांसाठी 10वं चॅनल (संदेशांची वेगळी वाट) ठरवून दिलं, पण त्या यादीत ढोलकी नाही. ढोलकीचा ट्रॅक ऑडिओ करून न्या, नाहीतर मित्राकडे गेल्यावर त्या ट्रॅकचा टोन हाताने बदला.

ढोलकी हाताने वाजवून रेकॉर्ड केली. क्वांटाइझ केल्यावर (बोल मोजून ठरवलेल्या जागांवर बसवल्यावर) ठेका मेला. मशिन हलकं आहे म्हणून असं होतं का? (सिडको)

नाही, चांगल्या मशिनवरही हेच होईल. सिक्वेन्सर प्रत्येक मात्रेचे ठरावीक तुकडे करतो. 96 तुकडे करणाऱ्या मशिनवर, मिनिटाला 120च्या लयीत, एक तुकडा साधारण 5 मिलिसेकंदांचा होतो. ढोलकीवाल्याच्या हाताची लकब एवढ्यात बऱ्यापैकी टिकते. पण सोळाव्या भागावर, म्हणजे पाव मात्रेवर, क्वांटाइझ केलं की दोन जागांमधलं अंतर 125 मिलिसेकंद होतं, आणि किंचित मागे रेंगाळलेला प्रत्येक बोल ओढून त्या जागेवर बसवला जातो. लावणीची मजा त्या रेंगाळण्यातच असते! क्वांटाइझची ताकद कमी करता येत असेल तर 40-50 टक्क्यांवर ठेवा. समेचा (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा) बोल तेवढा जागेवर आणा, बाकीच्यांना हात लावू नका. मी स्वतः चार आवर्तनं सलग वाजवतो आणि त्यातलं सगळ्यात चांगलं एक निवडून कॉपी करतो.

आता घिस्सा, म्हणजे खर्जाच्या पुडीवर हात घासून काढलेला सरकता आवाज. तो पिच बेंडने (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाने) काढता येतो, पण पिच बेंड अख्ख्या चॅनलला लागू होतो. खर्जाचा आवाज वर सरकवलात की त्याच चॅनलवरचा शाईचा (चढ्या आवाजाच्या पुडीचा) बोलही सरकतो आणि ढोलकी रबरासारखी ताणली जाते. म्हणून शाईचे बोल एका चॅनलवर ठेवा आणि खर्जाचे दुसऱ्यावर. चॅनल 16 असतात, त्यातली दोन ढोलकीला द्यायला कंजुषी करू नका.

सोळा स्टेपच्या (ठरावीक सोळा घरांच्या) सिक्वेन्सरवर सात मात्रांचा रूपक कसा बसवायचा? (नाशिकरोड)

मात्रेला दोन स्टेप धरा आणि शेवटची स्टेप 14वी ठरवा. स्टेपची संख्या बदलता येत नसेल तर त्या मशिनवर रूपकाचा हट्ट सोडा आणि मात्रा ठरवता येणाऱ्या सिक्वेन्सरवर 7/4 लावा. दोन मशिन मिडी क्लॉकने (लय जुळवणाऱ्या संदेशाने) जोडलीत तरी क्लॉक फक्त लय पाठवतो, दर मात्रेला 24 ठोके. सम कुठे आहे हे त्या ठोक्यांत नसतं. दोन्हीकडे सात मात्रा वेगवेगळ्या लावून घ्या.

स्टेजवर सिक्वेन्स सुरू असताना वरून वाजवलं की मधलेच स्वर गळतात. (देवळाली कॅम्प)

पॉलिफोनी, म्हणजे मशिनची एकाच वेळी आवाज काढायची क्षमता, संपते. समजा मशिन 64 व्हॉइसचं आहे, म्हणजे एका वेळी 64 आवाज काढतं. चार थरांचा (एका स्वराला चार आवाज लावणारा) स्ट्रिंग्सचा टोन असेल तर तीन स्वरांच्या एका कॉर्डला 12 व्हॉइस लागतात. पेडल न सोडता चार कॉर्ड बदललेत की 48 गेले. उरलेल्या 16 मध्ये ढोलकी, बेस, टाळ आणि तुमचा उजवा हात! जागा उरली नाही की मशिन आधीचा स्वर तोडून नव्याला देतं. सिक्वेन्समधल्या स्ट्रिंग्सना एक-दोन थरांचा टोन लावा, रेकॉर्ड झालेले पेडलचे संदेश तपासा आणि जास्तीचे काढून टाका. गर्दीत तो फरक कुणाच्या कानाला लागत नाही, तुटलेला स्वर मात्र लगेच लागतो.

एक सांगायचं राहिलं. बऱ्याच कीबोर्डवर सेव्ह न करता वीज गेली की सिक्वेन्स पुसला जातो. माझं दोन रात्रींचं काम एकदा असंच गेलं. प्रत्येक कडवं झालं की सेव्ह करा आणि प्रत्येक वेळी फाइलला नवं नाव द्या.