पावडर आणि पगार

प्रश्न : मुलगी ठाण्यात टीवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. मेटल ऑक्साइडच्या पावडरीवर कमी तापमानाला मिथेन फोडायचं संशोधन करायचं म्हणते. यात पोट भरेल का? घरात सगळे डेटा सायन्स म्हणताहेत. – एक वडील, ऐरोली

उत्तर : नमस्कार. आधी पावडरीबद्दल. मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक. त्यातला कार्बन-हायड्रोजनचा बंध फार चिवट, मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूलचा. म्हणून कारखान्यात मिथेनचं मिथेनॉल (एक द्रव अल्कोहोल) करताना मिथेन आणि वाफ ८०० अंशांच्या आसपास तापवून आधी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळवतात, मग दाबाखाली त्यांचं मिथेनॉल. हा जाळ वाचवायचा, एवढंच तुमच्या मुलीच्या डोक्यात आहे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर उघडा धातूचा अणू मिथेनला धरून ठेवतो आणि शेजारचा ऑक्सिजन त्याचा हायड्रोजन ओढून घेतो. इरिडियम ऑक्साइडवर हे उणे १२३ अंशांनाही होतं, असं २०१७ मध्ये दिसलं. म्हणजे बंध तुटतो. घोडं अडतं ते पुढे. तयार झालेलं मिथेनॉल मिथेनपेक्षा लवकर जळतं. भाकरी फुगली की उतरवली पाहिजे, इथे तर तवाच उतरवू देत नाही.

आता तिचा दिवस कसा जाईल ते सांगतो. क्वार्ट्झच्या नळीत चिमूटभर पावडर, बाहेरून फर्नेस, आणि जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणारं यंत्र) पडद्यावर पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येण्याची वाट. त्याआधी पावडर न घालता रिकामी नळी तापवायची, नळीच तर काही करत नाही ना हे बघायला. अशा ‘ब्लँक’मध्ये आठवडा गेला आणि तरी ती दुसऱ्या सोमवारी हौसेने गेली, तर ती या कामाची. वैताग आला तर डेटा सायन्स खुशाल करू दे, त्यात कमीपणा नाही.

पैशाचं : जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. पीएचडीला पाच वर्षं धरा. घराजवळ हवं असेल तर माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहेच, ठाण्याला गाडी बदलली की झालं. थेट मिथेनॉलचा कारखाना उद्या उभा राहणार नाही, पण कंपनीत मुलाखतीला मिथेन कोण विचारतंय? कॅटॅलिस्ट (तिच्या पावडरीसारखा, रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) बनवता येतो का, मेला, म्हणजे काम करेनासा झाला, तर का मेला ते सांगता येतं का, हे विचारतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काम मागणारा ईमेल तिला आत्ताच पाठवू दे. मसुदा मात्र तिचा तिलाच लिहू द्या. वडिलांनी लिहिलेले ईमेल प्राध्यापक पहिल्या ओळीत ओळखतात.