सुरांची शंकापेटी

प्रश्न : बडोद्यात आम्ही तिघे व्हायोलिन, चेलो आणि पियानोवर यिद्दिश वळणाच्या रचना बसवतो. सूर बरोबर लागतात, पण ऐकणारे म्हणतात, ‘हा तर भैरव!’ चुकतंय कुठे?

उत्तर : चूक सुरांत नाही, हातात आहे. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंचं संगीत. त्यातली ‘फ्रायगिश’ ही स्वरमाला म्हणजे सा रे॒ ग म प ध॒ नि॒ (खाली रेघ तो कोमल), आपल्या बसंतमुखारी रागाचेच स्वर. त्यामुळे हात आपोआप रिषभावर भैरवासारखं आंदोलन (संथ झुलवणं) घेतो, आणि पियानोचा रे॒ तर जागचा हलत नाही. म्हणून रिषभ सरळ ठेवा. मींडही (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) कमी करा. तिथला खरा अलंकार ‘क्रेख्त्स’, म्हणजे हुंदका : स्वर संपताना वरचं बोट तारेला क्षणभर नुसतं टेकवायचं आणि त्याच क्षणी गज थांबवायचा. बोट दाबलंत तर मुरकी, म्हणजे आपली स्वरांची चपळ गिरकी, होते.

‘बुल्गार’ नाचाची लय बहुधा आठ मात्रांत ३+३+२ अशी चालते. टाळी १, ४, ७ वर. चेलोवाल्याने ती सांभाळावी. आपला केरवा ताल ४+४, तिथेच गाडी घसरते.

ऐकायला रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं दुसरं पियानो ट्रायो (१९४४) घ्या, शेवटचा भाग, वाद्यंही तुमचीच. संगीतकार गोलिहोवची क्लॅरिनेट आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठीची (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) १९९४ची रचना सुंदर, पण सध्या फक्त ऐका.