खिळे कुणाच्या 'पाय'ात पडले?

प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या केंटकीचे पहिले वृत्तपत्र 'केंटकी गॅझेट' याचे संपादक आणि पुढे त्या प्रदेशाचे इतिहासकार झालेले जॉन ब्रॅडफर्ड (१७४९–१८३०) यांनी वाचकांची माफी मागताना 'टाइप्स फेल इंटू पाय' असं लिहिलंय. 'टाइप्स' म्हणजे छपाईचे खिळे, एकेका अक्षराचे धातूचे ठसे. पण हा 'पाय' कुठला?

गणितातला नाही. छापखान्याच्या इंग्रजीत खिळे सांडून एकमेकांत मिसळले की त्या गोंधळाला 'पाय' म्हणतात. व्युत्पत्तीवर एकमत नाही. खायच्या 'पाय'मधल्या सरमिसळ सारणावरून तो आला असावा, असं काहींचं म्हणणं. मला ते पटतं, कारण अशा वेळी आपणही स्वयंपाकघराकडेच वळतो : खिचडी, काला.

आता प्रसंग पाहा. ब्रॅडफर्ड मुळात जमीन मोजणारा माणूस, छपाईचा धंदा शिकलेला नव्हे. खिळे ओहायो नदीतून होडीनं लाइमस्टोनच्या धक्क्यावर आले आणि तिथून सुमारे १०० किलोमीटर घोड्यांच्या पाठीवरून लेक्सिंग्टनला. वाट कसली, खाचखळगेच. ११ ऑगस्ट १७८७ ही पहिल्या अंकाची तारीख ठरलेली, आणि एकुलता एक मदतनीस, म्हणजे भागीदार असलेला भाऊ फील्डिंग, दहा दिवस अंथरुणाला खिळलेला. (हा 'खिळलेला' मुद्दाम नाही हो!) खिळ्यावर अक्षर उलटं असतं. म्हणजे ढिगातला एकेक खिळा उचलायचा, हा 'बी' की 'डी', 'पी' की 'क्यू' हे ओळखायचं आणि मग ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा.

भाषांतर करायचं तर 'वाटेत बऱ्याचशा खिळ्यांची खिचडी झाली' असं मी लिहीन. 'काला' नको, त्यात प्रसादाचा आनंद आहे, आणि ब्रॅडफर्ड त्या मनःस्थितीत नव्हते. 'फेल'चं 'पडले' तर मुळीच नको. 'खिळे खिचडीत पडले' म्हटलं की वाचक पातेल्यात डोकावणार.

जाता जाता : ब्रॅडफर्ड यांनी १८२६पासून केंटकीचा इतिहास क्रमशः लिहिला, तो याच 'केंटकी गॅझेट'मध्ये. या पत्राच्या सुरुवातीच्या अंकांवर नावातल्या 'केंटकी'च्या शेवटी 'वाय'ऐवजी 'ई' दिसेल. तो मात्र खिळ्यांच्या खिचडीचा परिणाम नव्हे. तेव्हा असंही लिहीत; 'वाय' १७८९मध्ये आला.