बीडीएसची फी : कर्जाआधी सीटचा प्रकार तपासा

प्रश्न : सांगली जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून एका खासगी विनाअनुदानित डेंटल कॉलेजात बीडीएसची सीट मिळाली आहे. फी वर्षाला ३ लाख १० हजार. त्यात ट्यूशन फी २ लाख ८० हजार आणि डेव्हलपमेंट फी ३० हजार. त्याच आठवड्यात एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठाच्या एजंटचा फोन आला. तिथली फी वर्षाला साडेपाच लाख, पण 'पहिल्या वर्षी २५ टक्के स्कॉलरशिप'. कुटुंब ओबीसी. वडील साखर कारखान्यात क्लार्क, आई अंगणवाडी सेविका, दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ७ लाख १० हजार. महिन्याला आठ हजारांपेक्षा जास्त बाजूला पडत नाहीत. ते विचारतात : स्कॉलरशिप देणारं कॉलेज घ्यावं का, की अर्धा एकर विकून मोकळं व्हावं?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कॅपची सीट सोडू नका. एवढं वाचून आज रात्री निवांत झोपा, हिशोब उद्या सकाळी मांडू.

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रम त्यात येतात आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजंही येतात. मॅनेजमेंट कोटा, संस्था स्तरावरचे प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं मात्र त्यातून वगळली आहेत. तुमची मुलगी आज या योजनेच्या आत आहे. एजंटच्या फोनवर हो म्हणालात तर त्याच क्षणी ती बाहेर पडेल. (मुलगा असता तर ओबीसी म्हणून ट्यूशन फीच्या ५० टक्के सवलत मिळाली असती.)

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. अभिमत विद्यापीठात चार वर्षांचे २२ लाख, त्यातून पहिल्या वर्षाची २५ टक्के सूट म्हणजे १ लाख ३७ हजार ५०० वजा केली तरी २० लाख ६२ हजार ५०० उरतात. कॅपच्या सीटवर ट्यूशन फी माफ धरली तर डेव्हलपमेंट फीचे वर्षाला ३० हजार, चार वर्षांचे १ लाख २० हजार. होस्टेल आणि मेस दोन्हीकडे लागणारच. 'स्कॉलरशिप' हा शब्द ऐकला की मन मोठं होतं, पण पहिल्याच वर्षी मिळणारी सूट ही बहुतेक वेळा सीट भरण्यासाठीची सवलत असते. दुसऱ्या वर्षी ती मिळेल असं कुणी लेटरहेडवर लिहून देतंय का, ते विचारून पाहा.

माफी मिळते ती कागदांवर, आणि खरी घसरगुंडी तिथेच होते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्यात आई-वडील दोघांचंही उत्पन्न धरलेलं हवं. बरेच पालक नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हातात आहे म्हणून निर्धास्त असतात. त्या प्रमाणपत्राच्या ८ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. योजनेच्या ८ लाखांत तुमचा पगार मोजला जाणारच. आकडा एकच असला तरी मोजमाप वेगळं आहे. तुम्ही ७ लाख १० हजारांवर आहात, म्हणजे मर्यादेपर्यंत ९० हजारांचीच जागा आहे. वेतनवाढ किंवा फरकाची थकबाकी एकाच वर्षात आली तर हे गणित बदलू शकतं, म्हणून दरवर्षी फॉर्म १६ हातात पडला की आधी हा आकडा तपासा.

दुसरा कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. प्रकरण अजून समितीकडे असेल तर पावती जपून ठेवा आणि पाठपुरावा थांबवू नका. वैधता वेळेत आली नाही तर फीच नव्हे, राखीव सीटही अडचणीत येते.

माफीसाठी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज मुलीच्या नावाने, तिच्या आधारवर भरायचा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. बँक खात्याच्या बाबतीत 'आधार लिंक आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं एनपीसीआय या बँक-व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत सीड झालेलं (आधारशी नोंदलेलं) असणं वेगळं. एका आधारवर डीबीटीसाठी एकच बँक असते. मुलीने कॉलेजच्या गावी नवं खातं उघडलं आणि तिथे नकळत डीबीटीच्या रकान्यावर टिक केली, की सीडिंग त्या बँकेकडे सरकतं. मग अर्ज मंजूर होऊनही पैसे भलत्याच खात्यात जाऊन पडतात किंवा अडकतात. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बँकेचं नाव डोळ्यांनी बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट अर्जासोबत ठेवा.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर 'सेंड बॅक' होऊन परत मुलीच्या लॉगिनला येतो आणि मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहतो. पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून स्थिती पाहायची सवय तिलाच लावा. माफीची रक्कम कोणत्या खात्यात येते हे कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचारून ठेवा. मुलीच्या खात्यात आली तर ती कॉलेजची आहे, त्याच आठवड्यात भरून पावती घ्या. प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे करा. हमीपत्र मागितलं तर द्या, पण त्यात आकडा आणि कारण स्पष्ट लिहिलेलं असू द्या. सही केलेला कोरा चेक कुणालाही देऊ नका.

फीच्या पावतीवर ट्यूशन आणि डेव्हलपमेंट वेगवेगळं छापलेलं हवं. कॉलेजने सांगितलेला आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या वर्षासाठी मंजूर केलेल्या आकड्याशी ताडून पाहा. वर काही मागितलं जात असेल तर ते कॅपिटेशन फीमध्ये मोडतं आणि १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.

ज्या खर्चाला कुठलीच माफी नाही, तो आता बघू. डेंटलला पुस्तकांपेक्षा हत्यारांचा खर्च जास्त टोचतो. पहिल्या वर्षी मेण आणि कार्व्हिंगचे चाकू, दुसऱ्या वर्षी प्रीक्लिनिकलला (पेशंटआधीच्या सरावाला) टायपोडॉन्ट (सरावाचे नकली दात-जबडा), हँडपीस (दात कोरायचं यंत्र), बर (त्याची टोकं), इंप्रेशन ट्रे (दातांचा ठसा घ्यायचा), तिसऱ्या वर्षापासून पेशंटवर काम सुरू झालं की आणखी. यादी डिपार्टमेंटकडून लेखी घ्या. सीनियर मुलींना विचारा यातलं नवं काय घ्यायचं आणि वापरलेलं काय चालेल. ट्रे, आर्टिक्युलेटर (जबड्याची हालचाल दाखवणारं साधन), टायपोडॉन्ट वापरलेले मिळाले तर बिनधास्त घ्यावेत. हँडपीस मात्र चालवून बघितल्याशिवाय जुना घेऊ नये, बेअरिंग गेलेलं असेल तर दुरुस्तीतच पैसे जातात.

डेव्हलपमेंट फी ३० हजार, होस्टेल-मेस अंदाजे १ लाख १० हजार, हत्यारं-पुस्तकं सरासरी ४० हजार धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार लागतील. तुमच्या आठ हजारांतून वर्षाचे ९६ हजार निघतात. उरले ८४ हजार, चार वर्षांचे ३ लाख ३६ हजार. हे ४ लाखांच्या आत बसतं, आणि बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. पालक सहकर्जदार असतात, एवढंच. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. बँकेला द्यायच्या कॉलेजच्या खर्चपत्रकात होस्टेल आणि हत्यारं लिहून घ्या. नुसती फी लिहिलेली असेल तर बँक तेवढंच मंजूर करते. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह पाच वर्षांचा आहे हेही त्यात हवं. चार वर्षं लिहिलं गेलं तर हप्ते एक वर्ष आधी सुरू होतात.

व्याजाचं समजून घ्या. १० टक्के सरळ व्याज आणि दरवर्षाच्या सुरुवातीला ८४ हजारांची उचल धरली, तर अभ्यासक्रम अधिक एक वर्ष अशा सहा वर्षांत व्याजच १ लाख ५१ हजार २०० साठतं. तेच व्याज दरमहा भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना ७०० रुपये, मग १,४००, २,१०० आणि चौथ्या वर्षापासून २,८००. हप्ता सुरू होईल तेव्हा मुलीच्या डोक्यावर फक्त मुद्दल असेल. काही बँका असं व्याज भरणाऱ्यांना दरात १ टक्का सूटही देतात, मंजुरीपत्रावर सही करण्याआधी विचारा. संपूर्ण व्याजमाफीच्या केंद्राच्या योजनेची उत्पन्न मर्यादा साडेचार लाख आहे, तुम्ही तिच्यात बसत नाही. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेची ३ टक्के व्याज सवलत इतर शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना नाही, तेव्हा तिच्या मागेही लागू नका, तुमची फीमाफी तिच्याहून कितीतरी मोठी आहे.

खासगीपैकी कोलगेटची 'कीप इंडिया स्मायलिंग' शिष्यवृत्ती बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असते. त्या वर्षीच्या सूचनेतल्या अटी वाचून अर्ज जरूर करा, पण मिळेलच असं धरून बजेट मांडू नका.

मुलीला एकच गोष्ट समजावून सांगा. माफीचं नूतनीकरण दरवर्षी होतं आणि ते हजेरी व निकालावर अवलंबून असतं. वर्ष रिपीट झालं तर त्या वर्षाची २ लाख ८० हजार फी घरातून भरायची वेळ येऊ शकते. पहिल्या वर्षाला अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री आणि डेंटल अॅनाटॉमी असे जड विषय असतात. अडखळायला लागली तर दिवाळीतच सांग, निकालाची वाट पाहू नकोस, असं तिला मोकळेपणाने सांगा. रागावून नाही.

अर्ध्या एकराचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण मंजूर होईपर्यंत तो विषय घरात काढूही नका. आणि एजंटकडे टोकन म्हणून काही रक्कम भरली असेल, तर या आठवड्यातच ईमेलवर परत मागा. नुसता फोन करून सोडू नका.