ड्रिल प्रेसचा चक काम करताना सारखा निसटून पडतो, काय करावं?

चक (ड्रिल बिट धरणारा भाग) आणि आर्बर (चकला मशीनशी जोडणारा दांडा) खाली काढा, दोन्हीकडचे टेपर (निमुळते होत जाणारे भाग) थिनरने पुसून अगदी कोरडे करा आणि ठोकून परत बसवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. टेपर फक्त घर्षणावर धरतो, त्यामुळे तेलाचा पातळ थर किंवा एखादा बारीक कीस मध्ये अडकला तरी पकड जाते. नवीन मशीनवर गंज लागू नये म्हणून ग्रीस फासलेलं असतं, तेच बऱ्याचदा नडतं. स्पिंडलच्या (आर्बर ज्यात बसतो त्या फिरणाऱ्या दांड्याच्या) आतून कापड फिरवायला विसरू नका, सगळे तिथेच चुकतात. (आर्बरच्या टोकाची चपटी जीभ आर्बर बाहेर काढण्यासाठी असते, ती चक धरून ठेवत नाही.)

बसवण्याआधी चकचे जॉ (बिट पकडणारे जबडे) पूर्ण आत घ्या, नाहीतर ठोका त्यांच्यावर बसेल. मग खालून लाकडी हातोड्याने एक-दोन नेमके ठोके. लोखंडी हातोडा नको.

तरीही सुटत असेल तर आर्बरवर मार्करने उभी रेघ मारा, आत घालून जरा फिरवा आणि काढून बघा. रेघ एकाच टोकाला पुसली गेली असेल तर टेपर नीट टेकत नाही. चरा असेल तर उंचवटा बारीक पॉलिश पेपरने अलगद उतरवा. आर्बर खोल खरवडला असेल तर बदला.

मात्र ड्रिल प्रेसवर मिलिंग कटर लावून बाजूने जोर देत असाल, तर कितीही साफ केलं तरी चक सुटणारच.